इफ्फीला गेलो आणि हिरोईनीच बघून आलो

बुधवार, 20 नोव्हेंबर 2024

सकाळी सातला मतदान केलं, बोटाला शाई लागली, घरी येऊन डबे भरले आणि अकराच्या गाडीने कोल्हापूर सोडलं. बरोबर वहिनी. त्यांना सिनेमाचं वेड माझ्यापेक्षा जास्त, पण आजवर सगळं रात्री घरचे झोपल्यावर मोबाईलवर भागवायचं, म्हणून यंदा मीच म्हटलं की वहिनी चला, इफ्फीचं, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, डेलिगेट कार्ड दोघींचं काढते, पोरांचं भाऊ बघेल. नणंद-भावजय मिळून सिनेमे बघायला गोव्याला चालल्यात म्हटल्यावर गल्लीत बरीच चर्चा झाली, होऊ दे. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत गाडी पणजीला पोचली तेव्हा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर दिवे लागले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इफ्फी 2004 पासून दरवर्षी गोव्यात भरतो, यंदा पंचावन्नावा, 20 ते 28 नोव्हेंबर. मुख्य स्पर्धेत 15 सिनेमे आणि त्यातले 9 बायकांनी दिग्दर्शित केलेले, परीक्षकांचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर. आम्ही गाडीतच यादी घेऊन बसलो आणि ठरवलं की ज्यात बाई मधोमध आहे तेच सिनेमे आधी बघायचे, वेळ उरला तर बाकीचे. उद्घाटन ताळगावच्या स्टेडियमवर होतं, तिकडे गेलोच नाही, जेवून सरळ झोपलो.

गुरुवार

सकाळी पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी खाऊन कार्डं घेतली. सीट ॲपवर आधी बुक करायची, नाही मिळाली तर रश लाइनला उभं राहायचं, आणि सांगते, रश लाइनमध्ये उभं राहणं ही इफ्फीतली सगळ्यात भारी गोष्ट आहे कारण तिथं अनोळखी माणसं तुम्हाला न विचारता सांगतात की काय बघू नका.

पहिला सिनेमा 'होली काऊ', फ्रेंच. दिग्दर्शक लुईझ कुर्व्हुआझिए, फ्रान्सच्या जुरा भागातली, आणि सिनेमाही तिथलाच. तोतोन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, बाप मरतो, सात वर्षांची बहीण अंगावर येते, मग कोंते चीजच्या स्पर्धेत 30,000 युरोचं बक्षीस आहे म्हणून तो चीज करायला लागतो. कोंतेला कच्चं दूध लागतं, तांब्याची मोठी कढई लागते, आणि चांगलं दूध पोराकडे नाही. ते आहे मारी-लीझकडे.

आता सिनेमा त्या पोराचा आहे हे खरं, क्लेमाँ फाव्हो म्हणून जो आहे तो छानच आहे, पण आम्ही दोघी बाहेर आलो ते मारी-लीझबद्दल बोलत. माइवेन बार्तेलमी तिचं नाव. एकटी गोठा सांभाळणारी पोरगी, मळके बूट, केस कसेतरी बांधलेले, तोंडावर अजिबात गोडवा नाही. गाय विते तो प्रसंग आहे, आणि तिथं ती ज्या पद्धतीने हात घालते, पाय धरते, दम खाते आणि परत ओढते, त्यावर वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "ताई, हिनं खरंच गोठा केलाय वो. हे शिकवून येत नाही." वहिनींचं माहेर कागलकडचं, घरात कायम म्हशी, गोकुळला दूध, त्यांनी रात्री दोन-दोनला उठून हे सगळं केलंय. त्यामुळे त्यांचा शब्द मी शेवटचा मानते. नंतर वाचलं तर बार्तेलमी खरंच शेतीचं शिकत होती, ॲक्टिंगशी काही संबंध नव्हता, आणि पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये तिला सेझार, म्हणजे फ्रान्सचं सिनेमाचं मोठं बक्षीस, मिळालं, नव्या अभिनेत्रीचं. मला विचाराल तर ते त्या वासराच्या प्रसंगातच मिळालं होतं.

आणखी एक, प्रेमाच्या प्रसंगातही ती लाजत वगैरे नाही. पोरगा घाबरलेला असतो आणि ही निवांत. असं बघायला किती बरं वाटतं.

शुक्रवार

आज 'आय ॲम नेवेंका'. स्पॅनिश, दिग्दर्शक इसियार बोयाइन. खरी गोष्ट आहे. स्पेनमधल्या पोनफेरादा शहरात नेवेंका फर्नांदेझ नावाची पंचविशीतली मुलगी नगरपालिकेत नगरसेवक झाली, अर्थखातं तिच्याकडे, आणि महापौर तिच्या मागे लागला. थोडे दिवस दोघांचं काहीतरी होतं, तिने ते संपवलं, आणि तिथून पुढे त्याने तिचं जगणं नको करून टाकलं. 2001 मध्ये तिने पत्रकार परिषद घेऊन सगळं सांगितलं, केस केली, 2002 मध्ये महापौर दोषी ठरला. लैंगिक छळासाठी शिक्षा झालेला स्पेनमधला तो पहिला राजकारणी. आणि गावाने काय केलं, तर महापौराच्या बाजूने मोर्चा काढला. कोर्टात सरकारी वकिलाने तिलाच असं फैलावर घेतलं की शेवटी त्याला केसवरून काढावं लागलं. जिंकूनसुद्धा तिला स्पेन सोडून जावं लागलं.

नेवेंका झालीये मिरेया ओरिओल. सुरुवातीला ऑफिसात ती चालते कशी बघा, फायली छातीशी, पण मान वर, नवीन नोकरीतली पहिल्या महिन्यातली आपण सगळ्या जशा चालतो तशी. मग हळूहळू खांदे आत येत जातात. आवाज बारीक होत जातो. फोन वाजला की तिचा चेहरा बदलायच्या आधी बोटं बदलतात. ओरडून रडण्याचे प्रसंग आहेत, नाही असं नाही, पण मला ती जास्त आवडली ते ज्या ठिकाणी ती काहीच बोलत नाही आणि महापौर बाकीच्यांसमोर हसत हसत तिला टोमणे मारतो तिथे. बाकीचे सगळे हसतात आणि तीही थोडं हसते. ते अर्धं हसू ज्यांनी ऑफिसात नोकरी केली आहे त्या प्रत्येकीला ओळखता येईल. महापौराचं काम करणारा उर्को ओलासाबालही जबरदस्त आहे, दुष्ट दिसतच नाही, गावाचा लाडका वाटतो, आणि म्हणूनच भीती वाटते.

माझ्या मागच्या रांगेत दोन मुलं मध्येच म्हणाली की ती आधीच का नाही निघून गेली. सिनेमा संपल्यावर वहिनी मागे वळून त्यांना म्हणाल्या, "बाळांनो, परत एकदा बघा." एवढंच. मला फार अभिमान वाटला.

आजच पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' देशभर थिएटरला लागला, फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हे बक्षीस मिळवलेला, त्यामुळे रांगेत दिवसभर तोच विषय. तो आम्ही घरी आल्यावर बघितला पण इथंच लिहून टाकते. कनी कुसृती मुंबईतल्या हॉस्पिटलातली मल्याळी नर्स आहे, नवरा जर्मनीत, बोलत नाही, एक दिवस नुसता राइस कुकर येतो. रात्री ती तो कुकर दोन्ही पायांत घेऊन मिठी मारून बसते. एवढाच प्रसंग, त्यात संवाद नाही, आणि त्या बाईची सगळी वर्षं कळतात. छाया कदम त्यात हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मुंबईतली खोली जाते म्हणून रत्नागिरीकडे गावी परत येणारी. सैराटमधली सुमन अक्का म्हणून आपण तिला ओळखतो, पण इथं तिला जरा मोकळी जागा मिळालीये. कान मिळालं म्हणून आता कौतुक करतायत लोक, हे काम ती आधीपासून करत होती.

शनिवार

विधानसभेच्या निकालाचा दिवस. रांगेत महाराष्ट्रातले कोण ते लगेच ओळखू येत होते, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये आणि तोंडाने जागांचे आकडे. आम्ही ठरवून फोन बंद केले आणि 'टॉक्सिक'ला जाऊन बसलो.

लिथुआनियाचा सिनेमा, सौले ब्लियुवाइते हिचा पहिलाच, लोकार्नोच्या महोत्सवात सुवर्ण बिबट्या हे पहिलं बक्षीस घेऊन आलेला. कारखान्यांचं एक भकास गाव, तेरा वर्षांच्या दोन मुली, मारिया आणि क्रिस्टिना. मारिया लंगडते, आजीकडे राहायला आलीये. जीन्स चोरल्यावरून दोघींची आधी मारामारी आणि मग मैत्री. गावात एक मॉडेलिंग स्कूल आहे जे पोरींना बाहेर नेण्याची स्वप्नं दाखवतं, आणि तिथं टेप लावून पोरींची मापं घेतली जातात. वजन कमी करायला क्रिस्टिना काय करते तर जंताची अंडी गिळते. हो, खरंच.

हा सिनेमा बघायला सोपा नाही. वहिनींना आवडला नाही, त्यांनी दोन-तीनदा डोळे मिटून घेतले, त्यांच्या मुलीचं वय साधारण तेवढंच. मला मात्र त्या दोघी पोरी, व्हेस्ता मातुलिते आणि इएवा रुपेइकाइते, डोक्यातून जाईनात. ॲक्टिंग दिसतच नाही कुठे. चालून दाखवायला सांगतात तेव्हा मारिया आपलं लंगडणं लपवायचा प्रयत्न करत नाही, उलट मान ताठ करून सरळ समोर बघते, आणि अचानक ती तिथल्या सगळ्यांपेक्षा उंच वाटायला लागते. क्रिस्टिना तशी नाही, ती सारखी हलणारी, बडबडणारी, आतून भुकेली. एक नुसती उभी आणि दुसरी सतत धावती, त्यामुळे दोघींना वेगळं करून बघताच येत नाही. कॅमेराही त्यांच्याकडे वाईट नजरेने बघत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोरींच्या शरीरावरचाच सिनेमा आहे आणि तरी एकदाही आपल्याला चोरून बघितल्यासारखं वाटत नाही. हे बाईने बनवलंय म्हणूनच झालं असं मी म्हणणार नाही, पण बाईने बनवलंय हे कळतं.

संध्याकाळी फोन चालू केले आणि निकाल बघितला, त्यावर इथं काही लिहीत नाही.

रविवार

ह्या दिवसाबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

'फॅमिलिअर टच', अमेरिकन, सारा फ्रीडलँडचा पहिला सिनेमा. रूथ नावाची ऐंशीच्या पुढची बाई, आयुष्यभर स्वयंपाकाचं काम केलेली, आता विसरायला लागलेली. काम केलंय कॅथलीन चाल्फंटने. 1945 चा जन्म, सगळं आयुष्य न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गेलेलं, सिनेमात एवढी मोठी भूमिका आत्ता, ह्या वयात. व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंटी विभागात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं होतं.

सुरुवातीला ती कपाटातून ड्रेस निवडते, जेवायला कोणीतरी येणार आहे म्हणून सँडविच करते. हात एकदम सराईत. आणि मग टोस्टचा तुकडा उचलते आणि भांडी निथळायच्या जाळीत नीट उभा करून ठेवते. संगीत नाही, क्लोजअप नाही, ती थबकतही नाही. पुढचं काम करायला लागते.

वहिनींनी माझा हात धरला.

आमची आई शेवटची चार वर्षं अशीच होती आणि ती चारही वर्षं वहिनींनी काढली. मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येणार, आईला कधी मी ओळखू यायचे, कधी नाही. चहाची कपबशी धुवून देवघरात ठेवायची आई. वहिनी ती तिथून गुपचूप काढून आणायच्या, आईला कधी काही बोलल्या नाहीत.

सिनेमात जेवायला येतो तो रूथचा मुलगा असतो, आणि ती त्याला डेटवर आलेला माणूस समजते, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते. इथं एखादी नटी थोडी जरी खोटी झाली असती तर लोक हसले असते नाहीतर किळस आली असती. चाल्फंट तो हात इतका सहज, इतक्या आनंदाने ठेवते की आपल्याला दोघांचंही वाईट वाटतं आणि दोघांचाही राग येत नाही. मुलगा तिला वृद्धांच्या केअर सेंटरला सोडतो, तिला ते हॉटेल वाटतं. डॉक्टर तपासायला लागतात तर ती त्यांना बोर्श्ट नावाच्या बिटाच्या सूपची रेसिपी पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता सांगते. आणि एक दिवस सरळ सेंटरच्या स्वयंपाकघरात घुसते आणि सकाळच्या नाश्त्याचा ताबा घेते. फळं कापताना तिची पाठ सरळ होते, आवाज चढतो, बाकीच्यांना कामं सांगायला लागते, आणि तिथले पोरगेही ऐकतात. ती त्या क्षणी पूर्ण शाबूत आहे.

असे सिनेमे बहुतेक मुलांच्या बाजूने असतात, की बघा किती सोसावं लागतं. हा रूथच्या बाजूने आहे. तिच्या आत काय चाललंय ह्याची तिला लाज नाही, भीती आहे पण ती अधूनमधून, बाकी वेळ ती हट्टी आहे, थोडी नखरेल आहे, फ्लर्ट करते, मज्जा करते. पाण्यावर तरंगण्याचा एक प्रसंग आहे, अटेंडंट मुलगी तिला खालून धरते, आणि रूथच्या चेहऱ्यावरचे सुरकुतलेले स्नायू एकेक करून सैल होत जातात. कॅमेरा थांबून राहतो. आपल्याकडे एवढ्या वयाच्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ कोण ठेवतं सांगा.

शूटिंग पासाडेनातल्या खऱ्या वृद्धाश्रमात, तिथल्याच राहणाऱ्या लोकांना बरोबर घेऊन केलंय. दिसतं ते.

बाहेर आलो, नदीकाठच्या कट्ट्यावर बसलो, चहा घेतला. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "आईंना भाकरी थापायला द्यायला पाहिजे होती वो. भाजंल म्हणून आपण त्यांना चुलीपाशी जाऊच दिलं नाही." मी म्हटलं, वहिनी, तुम्ही जे केलंत ते माझ्याच्याने झालं नसतं. हे मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते, ते तिथं बोलले. मग दोघी फोंतेन्हासमधून, पणजीच्या त्या जुन्या वस्तीतून, हिंडत हिंडत खोलीवर आलो. दुसऱ्या शोचं बुकिंग होतं, ते सोडलं.

सोमवार

दोन सिनेमे. 'गुलिझार', तुर्की, दिग्दर्शक बेल्किस बायराक. लग्नासाठी कोसोवोला निघालेली मुलगी, वाटेत तिच्यावर हल्ला होतो, आणि पुढचा सगळा सिनेमा तिकडे पोचल्यावर लग्नाच्या गडबडीत ती ते कसं आत दाबते ह्याचा. होणारा नवरा चांगला आहे, त्या माणसाला शोधायला निघतो, पण त्याच्या त्या शोधात ही कुठे उरतच नाही. त्या मुलीचं काम करणाऱ्या एजेम उझूनने ते फार छान धरलंय. सगळे तिला दागिने घालतात, नाचायला ओढतात, आणि ती प्रत्येकाशी नीट बोलते. लग्नघरात नवरीला एकटं बसून रडायलाही जागा नसते हे आपल्याला काय वेगळं सांगायला नको.

दुसरा 'हू डू आय बिलाँग टू', ट्युनिशियाचा, मरियम जूबर. दोन मुलं युद्धाला पळून गेलेली, एक परत येतो, बरोबर बुरख्यातली गरोदर बायको, जी काहीच बोलत नाही. आईचं काम सालहा नस्रावीचं. चेहरा इतका जवळून दाखवलाय की बाकी सगळं धूसर. मध्यावर सिनेमा जरा भरकटला असं मला वाटलं, स्वप्नं, गूढ वगैरे जास्त झालं, पण नस्रावीचे डोळे सोडवत नाहीत. मुलगा दारात दिसल्यावर आधी आनंद आणि लगोलग भीती, दोन्ही एकाच श्वासात.

मंगळवार

सकाळी 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम', रोमानियाचा, बोगदान मुरेशानू, व्हेनिसला ओरिझोंटीत पहिला आलेला. 20 डिसेंबर 1989, तिथला हुकूमशहा चाउशेस्कू ह्याची सत्ता जायच्या उंबरठ्यावरचा एक दिवस, सहा माणसं. दिग्दर्शन फार कसलेलं, शेवटी राव्हेलचं बोलेरो हे संगीत चढत जातं तेव्हा थिएटरमध्ये अंगावर काटा. नट्यांमध्ये निकोलेता हुंकू लक्षात राहिली, ती ह्यात नाटकातली नटीच झालीये. टीव्हीवर हुकूमशहाचं गुणगान म्हणणारी बाई देश सोडून पळालीये, तर तिच्या जागी हिने तोंड दाखवायचं. नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही. एका नटीने दुसऱ्या नटीची अशी कोंडी करून दाखवायची, अवघड काम आहे, छान केलंय.

दुपारच्या गाडीने परत. आंबोलीला भजी.

गुरुवार, 28 नोव्हेंबर

निकाल घरीच कळला. सुवर्णमयूर, म्हणजे इफ्फीचं पहिलं बक्षीस, 'टॉक्सिक'ला, चाळीस लाख. उत्कृष्ट अभिनेत्री मातुलिते आणि रुपेइकाइते दोघींना मिळून. हे मला शंभर टक्के पटलं, एकीला दिलं असतं तर अन्याय झाला असता. अभिनेता क्लेमाँ फाव्हो, दिग्दर्शक मुरेशानू. सारा फ्रीडलँडला पदार्पणातल्या दिग्दर्शकाचं, ते ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून "व्वा!" म्हणून ओरडल्या. नवज्योत बांदिवडेकरला 'घरत गणपती'साठी भारतीय पदार्पणाचं मिळालं, तोही आनंदच.

फक्त मिरेया ओरिओलचं नाव कुठेच नाही, हे आम्हा दोघींनाही पटलेलं नाही. पोरींना द्याच, पण स्पेशल मेन्शन तरी द्यायचं होतं. वहिनी म्हणतात टॉक्सिकमधल्या पोरी चांगल्या असतील पण त्यांना दुसऱ्या सिनेमात बघितल्याशिवाय मी मानणार नाही, आणि मी म्हणते एका सिनेमात एवढं केलं तर दुसऱ्याची वाट कशाला बघायची. ह्यावर अजून रोज संध्याकाळी भांडण चालू आहे. तुम्ही कोणी ह्यातले दोन-तीन बघितले असतील तर सांगा कोणाचं बरोबर.